एफ नाइन दाबल्यावर उमटलेली ओळ

मंडळी, आज सकाळी पालघरच्या मासळी बाजारात निर्मलाताई भेटल्या आणि इतक्या वर्षांचा संशय मी एकदाचा बोलून टाकला.

शहाण्णव साली आम्ही तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात होतो. मी स्टोअर सांभाळायचो, दातिवऱ्याच्या निर्मलाताई कॉम्प्युटरवर पत्रं टाईप करायच्या. वीस पत्रं तासाभरात तयार. मला ते काही सरळ वाटेना. एकदा त्या जेवायला गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो.

बाईंनी एकेका बटणावर अख्खी वाक्यं बसवली होती. मॅक्रो म्हणतात त्याला. एफ सेव्हनवर मायना, एफ एटवर आभार. एफ नाइन दाबलं आणि समोर आलं, 'आमच्या स्टोअरकडून बॅच नंबर चुकीचा लिहिला गेला, क्षमस्व.'

स्टोअरमध्ये मी एकटाच. म्हणजे बाई माझ्या नावावर बिल फाडायची तयारी करून बसल्यात, असं मी धरून चाललो. तो कारखाना सोडेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

आज विचारलं, "ताई, ती ओळ आधीच का करून ठेवली होती?"

बोंबील निवडता निवडता त्या म्हणाल्या, "भाऊ, आधी कुठं? दर आठवड्याला तीच टाईप करून माजे हात दुखायचे. तुमी चुकायचं थांबवलं नाय, मग मी टाईप करायचं थांबवलं."

मंडळी, खरं सांगा, तुमच्या ऑफिसातल्या एफ नाइनवर कोण असेल?