मोंजियाचा उजेड

ऐन द्राहम गावच्या डोंगरात लग्न ठरलं की नवरीच्या आईचा पहिला फोन मोंजियाला जायचा. पस्तीस वर्षं ती नवरीमुलींचे हात मेंदीनं रंगवत आली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली, एक जुनी पांढरी मोटार घेतली आणि गावोगाव फिरू लागली. पण मोटारीचे दिवे असे मिणमिणते, की पोरी म्हणायच्या, मावशी मेणबत्त्या लावून आली. मागच्या आठवड्यात तर धुक्यात वाट अडवून उभ्या राहिलेल्या गाडीवर तिनं पाच मिनिटं हॉर्न वाजवला, खिडकीतून डोकं काढून दटावलंही. ती गाय निघाली.

दुसऱ्याच दिवशी ती खाली तबर्काला, लसादच्या सुट्या भागांच्या दुकानात हजर. त्याच्या बायकोची मेंदी तिनंच काढलेली. आल्याआल्या तिनं शंभर वॅटच्या बल्बावर हात ठेवला. लसादनं तो काढून घेतला. एवढ्यानं जुन्या वायरी तापतील, होल्डर वितळेल आणि समोरून येणारा खड्ड्यात जाईल, असं त्यानं समजावलं. मग तिला निळसर बल्ब आवडले. लसादनं शटर ओढून अंधार केला, एक लावून दाखवला. भिंतीपाशी उभी गिऱ्हाइकं निळीजांभळी दिसू लागली.

"अरे, या उजेडात नवरी पाहिली तर नवरदेव पळून जाईल," मोंजिया म्हणाली, आणि अख्खं दुकान हसलं.

धुक्यात तर हा काहीच कामाचा नाही, असं म्हणत लसादनं तिसरी जोडी काढली. नेहमीच्याच वॅटची, साध्या काचेची, पण उजेड जास्त. भिंतीवरची पाल दचकून पळाली. मोंजियानं टाळ्या पिटल्या.

"पण मावशी, खरं सांगतो. हा टिकत नाही. वर्षभरात उडेल."

"उडू दे. माझी मेंदी पंधरा दिवस टिकते. म्हणून काय फिकी काढू?"

तिनं हौसेनं बल्ब धरायला बोटं पुढे केली, तर लसादनं तिला थांबवलं. बोटांचं तेल काचेला लागलं की तो लवकर जातो. त्यानं स्वतःच बल्ब बसवले, मोटारीच्या दिव्यांवरची पिवळी पडलेली काच घासून दिली, झोत खाली वळवला.

संध्याकाळी घाटात धुकं उतरलं होतं. रस्त्याची पांढरी रेघ लांबपर्यंत दिसत होती. एक रानडुकरीण पिल्लं घेऊन आडवी गेली, तर मोंजियानं सहाही पिल्लं मोजली. घर आलं, तरी ती थांबली नाही. खिंडीपर्यंत गेली, परतली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला नाक्यावरच्या शिपायानं हात केला. कुठं चाललात, त्यानं विचारलं.

"कुठंच नाही रे बाळा. दिवे बघतेय."

शिपाई पुढून वळसा घालून आला, वाकून दिवे पाहिले आणि हळूच विचारलं, "कुठल्या दुकानातून घेतलेत?"