महकम अकांची दुसरी कॅसेट

मुलीच्या लग्नाला वीस दिवस उरले होते आणि आमच्या घरात भांडण कशावरून, तर कॅमेऱ्यावरून.

"मला ड्रोन नको," मोहिनूरने जाहीर केलं. "मला महकम अका हवेत. त्यांचा खांद्यावरचा कॅमेरा, कॅसेटवाला."

"अगं, त्यात नवरी कुठली आणि पडदा कुठला, कळत नाही," मी म्हटलं.

"तेच तर छान दिसतं!"

आता हिला काय सांगणार? जो टेपरेकॉर्डर मी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवायचे, त्याच जातीचा एक छोटा तिने रविवारच्या जुन्या बाजारातून आणलाय आणि कमरेला लावून फिरते. कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवत बसते. तिच्या सगळ्या मैत्रिणी अशाच. रीळवाले कॅमेरे, बटणांचे फोन, आम्ही हसत हसत फेकलेल्या सगळ्या वस्तू या मुली जपून घरी आणतात. माझ्या मनात मात्र एकच: कॅसेट गुंतली तर? लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

महकम अकांना, म्हणजे महकमदादांना, आमचं अख्खं मार्गिलान गाव ओळखतं. वय सदुसष्ट, अंगाने काटकुळे, डोक्यावर नक्षीची टोपी, आणि कॅमेऱ्याला डोळा लावताना ती टोपी मानेपर्यंत मागे सरकलेली. तरुणपणी ते रेशमाच्या कारखान्याच्या सभागृहात सिनेमे दाखवायचे. मग कारखान्यात पगार मिळेना, पगाराऐवजी रेशमाचे ठाण मिळू लागले. बाकीच्यांनी ठाण विकून पीठ-तेल आणलं. महकम अकांनी दोन वर्षांचं रेशीम एका व्यापाऱ्याला देऊन कॅमेरा घेतला. बायको महिनाभर माहेरी जाऊन बसली. पण त्या कॅमेऱ्याने पुढे तीन मुलं वाढवली. पंधरा वर्षं या गावात महकम अकांशिवाय लग्न झालं नाही. लोक आधी त्यांची तारीख विचारत, मग मुल्लांची.

मग नवे कॅमेरे आले. अकांचा कॅमेरा गोधडीत गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात गेला. ते छपरांवर डिश बसवू लागले, ते वयही सरलं तेव्हा मुलाच्या चहाखान्यात गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांशी बुद्धिबळ खेळू लागले. हरायचे, पण वाद घालून.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या फरगाना शहरातल्या एका मुलीने आईच्या लग्नाची कॅसेट पाहिली आणि म्हणाली, माझंही असंच हवं, असेच थरथरणारे रंग, कोपऱ्यात अशीच तारीख. अकांनी गोधडी सोडली. ते चित्रण मुलींच्या फोनवरून गावोगाव फिरलं आणि तेव्हापासून अका पुन्हा नवरदेवासारखे मिरवतात. कोऱ्या कॅसेटी मिळत नाहीत, म्हणून लोकांच्या कपाटातल्या जुन्या गोळा करतात. एका लग्नात नवरी रडत रडत सासरी निघाली आणि लगेच पुढे कुठल्याशा मालिकेतला फौजदार चोराला पकडताना दिसला. नवरीला ते इतकं आवडलं की तिने तो तुकडा काढू दिला नाही. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळ नव्याण्णवच्या पुढे जातच नाही. त्यामुळे या सगळ्या मुलींची लग्नं, कॅसेटवरची तारीख बघाल तर, त्यांच्या जन्माआधीच झालेली आहेत.

आमच्याकडे अडलं ते माझ्या सासूबाईंपाशी. इनायत ओयी, ओयी म्हणजे आई. वय त्र्याऐंशी, दात सहा, पण शब्द अख्ख्या गल्लीत चालतो. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली तरी मला 'केलिन', म्हणजे सूनबाई, याशिवाय हाक नाही.

"महकम?" त्या म्हणाल्या. "माझी दुसरी कॅसेट दिल्याशिवाय तो या फाटकातून आत येणार नाही. सांग त्याला, केलिन."

ही दुसरी कॅसेट म्हणजे आमच्या घरातलं जुनं दुखणं. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी आमच्यात केलिन-सलाम असतो. नवी सून तोंडावर ओढणी घेऊन अंगणात उभी राहते, एक बाई गाण्यातून एकेका नातेवाइकाचं नाव घेते, सून त्याच्यापुढे कमरेत वाकते आणि तो माणूस आशीर्वाद देतो. यात कॅसेटमधून कुणी सुटलं तर तीन पिढ्यांचा अबोला. माझ्या कॅसेटमध्ये चुलत सासऱ्यांपर्यंत सगळे आहेत. मग ओयी येतात, हात उचलतात, तोंड उघडतात, आणि पडद्यावर नुसती खरखर. "पुढचं दुसऱ्या कॅसेटवर आहे, शोधून देतो," असं महकम अका पंच्याण्णव सालापासून म्हणतायत.

"मोहिनूरच्या सासरी मला आशीर्वाद द्यायचाय," ओयी म्हणाल्या. "माझ्याकडे एकच चांगला आशीर्वाद होता, तो मी तुला दिला. आता आठवत नाही. बघितल्याशिवाय कसा देऊ?"

मी चहाखान्यात गेले. अकांनी माझं बोलणं ऐकलं आणि हातातला उंट पटावर चुकीच्या घरात ठेवला.

"मोहिनूरच्या आई," ते हळूच म्हणाले, "दुसरी कॅसेट नाही."

"हरवली?"

"नव्हतीच. आदल्या रात्री तुझ्या दिरांनी नाचताना अख्खी कॅसेट खाल्ली. सकाळी ओयी पुढे आल्या आणि होती ती कॅसेट संपली. दुसरी नव्हती. आता त्यांना काय सांगू, थांबा? तसाच कॅमेरा धरून उभा राहिलो. लाल दिवा लावून. रिकामा."

"रिकामा!"

"सगळेच करायचे तेव्हा. कॅसेटी मिळायच्या कुठे? म्हाताऱ्यांचे आशीर्वाद लांब, कॅसेट आखूड." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "पण हे बाहेर पडलं तर संपलं. सगळ्या गावातले म्हातारे उठतील, आमचा पण रिकामा का म्हणून. आणि या पोरी, त्यांना खरा जुना माणूस हवाय. खोटा निघालो तर कोण बोलावेल? मी परत गल्ल्याशेजारी."

मी घरी येऊन तासभर नुसती भांडी घासली, घासलेलीच परत घासली. मनात नाना युक्त्या. कॅसेट जळाली म्हणावं? उंदराने खाल्ली? संध्याकाळी फोन करून अकांना उंदराचं सुचवलं. ते म्हणाले, "उंदीर नको. मी स्वतःच येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आले, काखेत कॅमेरा घेऊन. फाटकाबाहेरच उभे राहिले. ओयी द्राक्षांच्या मांडवाखाली चौथऱ्यावर बसल्या होत्या, समोर नान आणि चहा.

"आणलीस?"

"नाही, ओयी. कधी नव्हतीच." आणि त्यांनी सगळं सांगितलं, दिव्यासकट.

मी चहाची किटली धरून तशीच उभी. ओयींनी नानचा तुकडा मोडला, सहा दातांनी सावकाश चावला.

"म्हणजे मी वीस मिनिटं डब्याशी बोलले?"

"पंचवीस."

"आणखी कुणाकुणाला फसवलंस?"

"खूप जण आहेत, ओयी."

"पलीकडच्या घरातल्या सालिमाला?"

"हो."

"बाजारप्रमुखाला?"

"त्यांना दोनदा."

ओयींचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. "दोनदा! त्या फुगलेल्या माणसाला!" डोळे पुसून त्यांनी हात हलवला. "ये आत, मेल्या. बस. पण माझा आशीर्वाद गेला तो गेलाच ना?"

"गेला नाही," अका म्हणाले. "मी ऐकला की. कानाला कॅमेऱ्याचा हेडफोन होता. बाहेर ढोल-तुताऱ्या, सुनेलाही ऐकू येत नव्हतं, पण मला आत स्वच्छ. आणि चित्राकडे बघायचं नव्हतं, मग नुसतं ऐकलं. घरी जाऊन बायकोला पण सांगितला."

"काय म्हणाले मी?"

"सुरुवातीला धान्य, मुलं, आयुष्य, नेहमीचं. मग म्हणालात, केलिन, पाहुण्याला चहाचा पेला अर्धा देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसून राहतो. मलाही रोज अर्धाच दे. पण माझा राग आला तर बोलू नकोस, भांडू नकोस. पेला काठोकाठ भरून दे. मला कळेल. मी उठून चार दिवस बहिणीकडे जाईन."

ओयींनी हातातला नान खाली ठेवला.

"मी असं म्हणाले?" ओयी म्हणाल्या. "शक्य नाही. मी कुठे बहिणीकडे जाणार!"

"म्हणालात."

त्या माझ्याकडे वळल्या. "केलिन, तू तर तीस वर्षांत एकदाही भरून दिला नाहीस."

"मला ऐकूच आलं नव्हतं, ओयी."

"आलं असतं तर?"

मी किटलीचं झाकण नीट बसवू लागले. मोहिनूर मागून फिसकन हसली. "आजी, बहिणीकडेच राहिला असतात तुम्ही!"

"गप्प बस," ओयी म्हणाल्या, पण हसू आवरलं नाही. मग अकांकडे बोट करून म्हणाल्या, "त्याच्या हातातून तो डबा घे, मोहिनूर. आत कॅसेट आहे का आधी झाकण उघडून बघ. आणि याला इथे बसव. माझा आशीर्वाद हाच सांगेल. मला जमेल तिथे मी दुरुस्त करीन."

इतकी वर्षं दुसऱ्यांना चेहरा सरळ ठेवायला सांगणारा माणूस कॅमेऱ्यासमोर बसला आणि टोपीचं काय करायचं ते त्याला कळेना.

ओयींच्या पोटात गोष्ट टिकत नाही. दुसऱ्या सकाळपर्यंत गल्लीला कळलं, दुपारपर्यंत बाजाराला. मी धास्तावले, अकांचा धंदा आपल्यामुळे बुडाला. संध्याकाळी त्यांच्याकडे त्याच सालिमा आपांचा, सालिमाताईंचा, फोन. ओरडायला नव्हे.

"महकम, माझा पण रिकामा होता ना? मग सांग, मी काय म्हणाले होते?"

त्यानंतर आणखी चार फोन. बाजारप्रमुखांचे दोन. काहींचं अकांना आठवतं, बऱ्याच जणांचं नाही. नाही आठवत तिथे ते खोटं बोलत नाहीत. विचारतात, "आज काय म्हणाल?" आणि कॅमेरा घेऊन घरी जातात. फाटकातच झाकण उघडून कॅसेट दाखवतात, मगच आत. या आठवड्यात पाच म्हाताऱ्यांचं चित्रण झालं. त्यांच्या नाती आता आपल्या लग्नासाठीही अकांची तारीख विचारतायत.

आमच्या लग्नाला आता अकरा दिवस. अकांकडच्या कॅसेटी तीनच उरल्यात आणि ओयी आशीर्वादाची तालीम करतायत. आज मोजला, चाळीस मिनिटं झाला.