आईच्या वासाची साडी

मेंढ्यांचं अनुदान मंजूर झालं तेव्हा पेढे मीच आणले. आईनं पेढा हातात तसाच धरला आणि विचारलं, "मंग म्हस कुठं बांधायची?"

चाकणला आमचा गोठा एकच. आजूबाजूची रानं कंपन्यांत गेली, हिरवा चारा विकतचा झाला आणि दुधावर म्हशीचंच पोट भरेना. मेंढ्यांचं बरं असतं, कुंपणाकडेच्या गवतावरही भागतं. दुधाचा धंदा सोडून मेंढ्या पाळायच्या तर सरकार हातभार लावत होतं, पण गोठा मोकळा हवा होता. शेवटची म्हैस देहूपलीकडच्या एका घरी दिली.

दोन-तीन दिवसांत त्या घरच्या सुनेचा फोन. "मावशी, म्हस पान्हा चोरतीया. हातच लावू देत न्हाई."

काय सांगू, आईचा चेहरा असा उजळला! "न्हाईच द्यायची ती! माझ्याबिगर कुणाला जवळ येऊ दिलंय का तिनं? जा, घेऊन ये माघारी."

"आणि बांधू कुठं? माझ्या डोक्यावर?" मी खेकसलो. मेंढ्या आल्या होत्या.

आईनं मेंढ्यांकडं पाहिलं. म्हणाली, "कास ठणकत आसंल रं तिची." मग उठली आणि धार काढताना नेसायची ती हिरवी साडी पिशवीत भरली. आमच्याकडची जुनी रीत आहे ही. धार काढणारी बदलली की नवीनं पहिलीची साडी नेसायची, वासाला म्हैस फसते. "तिला म्हणावं, धुऊ नगं. आजिबात धुऊ नगं."

कंपनीतल्या शिफ्टच्या आधी मी गाडीवरून साडी पोचवली. म्हशीनं दूध दिलं.

पूर्वी थर्ड शिफ्ट करून घरी यायचो तेव्हा चरवीत धार वाजत असायची. त्या आवाजानंच अर्धा शीण जायचा. आता आम्ही, दुधाच्या धंद्यातली माणसं, पिशवीच्या दुधाचा चहा पितो. शी! तो आवाज मला अजून हवासा वाटतो, आणि आईचं तर विचारूच नका. मेंढ्यांना पाणी पाजून झालं की ती रोज तिकडं फोन लावायची. म्हशीची चौकशी व्हायची आणि शेवटी हमखास, "साडी धुतली न्हाईस ना?"

परवा सून हसत म्हणाली, "धुतली की मावशी. लई वास मारत हुती. तरी दिलं दूध! आता माझ्या साडीवरबी देती."

"ब्येस झालं, बाय," आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

मला त्या म्हशीचा इतका राग आला! काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग साडी आणू का माघारी?"

"कशाला?" आई म्हणाली. "मेंढरांची कुठं धार काढायची हाय."