मरताना गाण्याचा रिवाज

देऊळगाव राजाच्या स्टँडमागे फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. त्यांच्या जुन्या टेपवर कायम इटलीच्या संगीत नाटकाची एकच कॅसेट चाले. ती भंगारात आलेली. अर्थ कोण्या मास्तरानं सांगितलेला.

"मानूस मरून राह्यला," वायसर बसवत ते म्हणाले, "म्हनून गाऊन राह्यला. रिवाज हाय तिकडं."

"इतका वेळ?" मी विचारलं.

"आयकनारे बसेल रायतात ना समोर. आपल्याकडचे तं गपचूप जातात."

माझ्या बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली त्या वर्षी मी पंप घेऊन गेलो आणि नुसताच बसून राहिलो. चाचांनी पंपाला हात लावला नाही. त्यांनी टेप बंद केला.

"हं," म्हणाले, "बोला."