जपमाळेला मागून येणारा आवाज

विश्राम सापडेना, तेव्हा धोंडाबाईनं संत अंतोनीच्या हातातलं बाळ काढून घेतलं.

मूर्ती वीतभर उंचीची, प्लॅस्टरची, तपकिरी झग्याची. बाळ येशू मागे एकदा निखळला होता आणि विश्रामनंच तो चिकटवला होता, त्यामुळे म्हातारीला फार जोर लावावा लागला नाही. अंतोनी म्हणजे हरवलेलं शोधून देणारा संत. त्याच्या हातातलं बाळ काढून ठेवलं की ते परत मिळावं म्हणून तो जिवाच्या आकांतानं शोधतो, अशी राहात्याकडच्या, तिच्या माहेरच्या बायांची खात्री. शेळ्या, कानातली फुलं, एकदा तर रुसून पळालेला जावई, सगळं असंच मिळालं होतं म्हणे. धोंडाबाईनं बाळ खणात गुंडाळून आपल्या पेटीत ठेवलं आणि संताला दम दिला, "माझं दे, तुझं घे."

तिची सून आशालता चुलीपाशी उभी राहून बघत होती. फादरांना हे कळलं तर ते हसतील की रागावतील, एवढाच विचार तिच्या मनात आला. तेव्हा तिला स्वतःलाही विश्राम परत येईल असं वाटत होतं.

नगर जिल्ह्यातून कामासाठी आलेलं हे घर. लवळ्यात, कॉलेजच्या टेकडीखाली दोन खोल्या. आशालता होस्टेलच्या कँटीनमध्ये चपात्यांवर होती आणि तिचा नवरा विश्राम मुळशी धरणाच्या कडेच्या एका बंगल्यावर राखणीला. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तो पाण्याची मोटार बघायला खाली उतरला आणि वर आला नाही. काठाच्या चिखलात एक चप्पल मिळाली. होडीवाल्यांनी गळ टाकून पाहिले. "तळाला बुडालेल्या गावांची झाडं हायेत अजून," त्यांच्यातला एक म्हणाला, "गळ त्यातच अडकत्यात. मानूस कुटला घावतोय." मग तेही यायचे बंद झाले.

त्यानंतर त्या घरात दोन प्रकारची प्रार्थना होऊ लागली. म्हातारी अंतोनीला शोधायला सांगायची. आशालता काही दिवस तसंच सांगत राहिली, पण दिवाळी आली, गेली, उन्हाळा गेला, आणि तिच्या तोंडचे ते शब्द आपोआप थांबले. तिला आता त्याच्या नावानं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हवी होती. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सिस्टरांच्या शाळेतल्या छोट्या चॅपलमध्ये फादर एकेका मयताचं नाव घ्यायचे. विश्राम मेला असेल तर त्याचा आत्मा शुद्धिस्थानात, पापं धुऊन निघेपर्यंतच्या जागी, अडकलेला असणार, आणि तिथल्या आत्म्याला स्वतःसाठी काही मागता येत नाही. मागं राहिलेल्यांनी मागायचं असतं. हे तिला लहानपणी शिकवलेलं. आणि त्याच्यासाठी कुणीच मागत नव्हतं.

"नाव वाचायचं न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "तू त्याला मेलेल्यात घातला का अंतोनी शोधायचा थांबंल. त्याला वाटंल, घरच्यांनीच सोडला, आपन कशाला पाय झिजवायचे."

"आन मेला असंल तर?"

"तर मला कळलं असतं. मी काय वाटंवरची हाय?"

कँटीनमध्ये शेजारी चपात्या लाटणारी सुलताना म्हणायची, "आजीचं ऐका हो आशाताई. माझी चमकी त्यांच्या त्या अंतोनीबाबांनीच शोधून दिली."

"चमकी कणकेत होती. एका पोराच्या दाताखाली आली."

"पण आली ना," सुलताना म्हणाली.

आशालता हसली. पण घरी जाताना ती वाट लांबवायची. कारण ऑक्टोबर लागला होता, जपमाळेचा महिना, आणि रोज दिवेलागणीला माळ म्हणताना तिला काहीतरी ऐकू येऊ लागलं होतं.

माळ म्हणायची ती दोघींनी, ह्या महिन्यात रोज, एरवी जमेल तेव्हा. म्हातारी "नमो मरिये" सुरू करून अर्ध्यावर आणून सोडायची, आणि उरलेलं अर्धं आशालतानं म्हणायचं, "आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर." विश्राम होता तेव्हा तो ह्या उत्तरात मागून सामील व्हायचा. कामावरून आलेला असायचा, उंबऱ्याशी बसून चपला काढता काढता म्हणायचा. त्याचे शब्द नेहमी मागे पडायचे. आशालताचं आमेन होऊन गेलं तरी त्याचं 'विनंती कर' चाललेलंच असायचं. त्यावरून ती त्याला किती वेळा बोलली होती. "एकदा बसून नीट म्हणा, न्हाईतर म्हणू नका. मरिया काय तुमच्यासाठी थांबून राहणार हाय?" त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "थांबती. बाई हाय ती."

आता तिचं आमेन झालं की उंबऱ्याकडून ते शेवटचे शब्द यायचे. हळू, थकलेले, तोंडात पाणी असल्यासारखे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. उंबऱ्याशी चपला होत्या, दोघींच्याच. तिनं स्वतःला बजावलं की दिवसभर चुलीपुढं उभं राहिल्यावर कान वाजतात. दुसऱ्या दिवशी तिनं दार लावून घेतलं. आवाज आतल्या बाजूनं, उंबऱ्याच्या अलीकडून आला. तिसऱ्या दिवशी तिनं दार उघडंच ठेवलं. आदल्या दिवशी त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं तिला वाटलं होतं.

म्हातारीला सांगायची तिला भीती वाटत होती. सांगितलं तर ती म्हणेल, बघ, आला. किंवा तिला वेड लागेल. महिना सरत आला, दोन तारीख जवळ आली, आणि एका संध्याकाळी आशालतानं ठरवलं की आज आपण उत्तर द्यायचंच नाही. आपला आवाज नसेल तर मागून येणाराही नसेल.

धोंडाबाईनं पहिलं अर्धं म्हटलं. आशालता ओठ मिटून बसली. उंबऱ्याकडून उत्तर आलं, सगळं, सुरुवातीपासून, सावकाश. ते संपल्यावर म्हातारीनं पुढचा मणी ओढला आणि "नमो मरिये" सुरू केलं. पुन्हा आशालता गप्प. पुन्हा उत्तर. म्हातारी कुठं अडली नाही, सून का बोलत नाही म्हणून तिनं मान वळवली नाही. उत्तर संपेपर्यंत ती दर वेळी थांबत होती, आणि मगच पुढं जात होती.

"आत्याबाई, तुमाला ऐकू येतं."

धोंडाबाईचा अंगठा मण्यावर थांबला. "व्हय."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं. त्या पावसाळ्यातच. तुला उशिरा आलं, तू तुझ्या कामाच्या तंद्रीत म्हनत हुतीस."

"आन मला सांगितलं न्हाई."

"सांगून? मिस्सा सांगून आली असतीस." म्हातारीचा आवाज चढला नाही. "काय वाईट हाय त्यात? दारू न्हाई, भांडन न्हाई. येतोय, उंबऱ्याशी बसतोय, आईसंगं माळ म्हनतोय. जिता हुता तवा तरी एवढा कुटं बसत हुता?"

आशालताला राग आला, आणि रागाबरोबर भीती थोडी मागे सरली. "त्यो काय म्हनतो ते ऐका की. 'आम्हा पाप्यांसाठी' म्हनतो. एकट्याला स्वतःसाठी मागता येत न्हाई, म्हनून आपल्या माळंत शिरून मागतोय. रोज. आन आपन अंतोनीला म्हनतोय, शोध."

"मग शोधू दे ना त्याला."

"अंतोनीनं शोधलाय. रोज आनून दारात बसवतोय. तुमी बाळ देत न्हाई म्हनून."

बाहेर होस्टेलकडं जाणारी रिक्षा चढावर घरघरत गेली.

"मी असा मागितला न्हवता," धोंडाबाई म्हणाली. "जिता मागितला हुता."

"तुमी तसं म्हनला हुता का?"

म्हातारी आठवू लागली. 'माझं दे' एवढंच ती म्हणाली होती, ते दोघींनाही ठाऊक होतं.

भिंतीवर मरियेचं चित्र होतं, क्रूसावरून उतरवलेला मुलगा मांडीवर आडवा घेतलेलं. धोंडाबाईनं तिकडं बोट केलं. "हिला निदान मांडीवर मिळाला," ती म्हणाली. "हातानं चाचपायला मिळाला. मग पुरायला दिला हिनं. मी काय देऊ? चप्पल?"

आशालतानं म्हातारीच्या हातातली माळ काढून घेतली नाही, की तिला जवळही घेतलं नाही. भाकरी टाकायला उठली. त्या रात्री दोघी जेवल्या त्या उंबऱ्याकडं पाठ करून.

दोन तारखेला सकाळी आशालता अंघोळ करून आली, तर अंतोनीच्या हातात बाळ होतं. नीट बसलेलं नव्हतं, एका बाजूला कललं होतं, दोऱ्यानं बांधलं होतं. धोंडाबाई धुतलेलं लुगडं नेसून दाराशी बसली होती. "चल," एवढंच म्हणाली. नावाचं कुणीच काही बोललं नाही, आणि आशालतानं ठरवलं की आपण बोलायचं नाही. तो तिचा मुलगा, तिनं सांगितलं तर सांगितलं.

चॅपलमध्ये बाकं भरलेली. मेणबत्त्या लावून लोक एकेक उठून नाव सांगत होते आणि फादर ते मोठ्यानं म्हणत होते. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाचं पाळण्यातलं. मग सगळ्या संतांची नावं घेत सगळे म्हणत, "आमच्यासाठी विनंती करा." नावं संपली. फादरांनी विचारलं, कुणी राहिलंय का. आशालता समोरच्या बाकाच्या लाकडाकडं बघत बसली. शेजारी हालचाल झाली नाही. फादरांनी पुस्तकाचं पान उलटलं.

तेव्हा धोंडाबाई उठली. बाकाचा आधार घेत, सावकाश.

"विश्राम," ती म्हणाली. "माझा मुलगा."

"आडनाव, आजी?"

"देवाला ठाव हाय."

फादरांनी नाव घेतलं. म्हातारी खाली बसली आणि तिनं आशालताचा हात धरला, इतका घट्ट की माळेचे मणी दोघींच्या तळव्यात रुतले.

संध्याकाळी त्यांनी दिवा लावला. ऑक्टोबर संपला होता, माळ म्हटलीच पाहिजे असं काही नव्हतं, तरी दोघी बसल्या. दार उघडं होतं. धोंडाबाईनं "नमो मरिये" म्हणून अर्ध्यावर आणून सोडलं. आशालतानं उत्तर दिलं, "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर, आमेन," आणि कान देऊन बसली.

काही आलं नाही. चपलांपाशी नुसता अंधार होता, आणि तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही.

तिनं म्हातारीकडं पाहिलं. धोंडाबाईचा अंगठा मण्यावर होता, डोळे मिटलेले. मागं पडणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द व्हायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ ती थांबली. मग तिनं पुढचा मणी ओढला.