एका चाकावरची गळती

आमच्या मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये पांढरे कपडे घालून खुशाल जमिनीवर बसावं, उठताना ते पांढरेच असतात. बाकीच्या गॅरेजांत पाय उचलला की चप्पल मागे राहते. त्या गॅरेजांबद्दल मिस्त्री कधी वाईट बोलत नाही. समोरून जाताना फक्त श्वास रोखून धरतो, गटारावरून जाताना धरावा तसा.

गळणारी गाडी म्हणजे त्याच्या लेखी नाक न पुसता चारचौघांत आलेला माणूस. गळती दिसली की वरून सीलंटचा लेप थापून गाडी देणारे कारागीर तर माणसातही जमा नाहीत. तसला लेप तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडतो, चिमटीत धरून मालकाच्या डोळ्यांपुढे नाचवतो आणि विचारतो, "हे गाडीला लावलं होतं की तुम्हाला?"

गिऱ्हाइकांना तो तुच्छ मानतो, कारागिरांना तुच्छ मानतो. पण सगळ्यात खालच्या पायरीवर त्याने आपल्या मेहुण्याला बसवलं होतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मोटारसायकल मागच्या चाकावर उभी करून नाचवणं हा त्याचा धंदा. केसांना चकाकी, गॉगल डोळ्यांपेक्षा मोठा, आणि गाडीच्या टाकीवर लाल रंगात 'वादळ' असं त्याने स्वतःच रंगवून घेतलेलं. मैदानात लोक त्याला बघायला येतात. तो पडला तर बरं, नाही पडला तरी चालेल, अशा तयारीने येतात आणि टाळ्या दोन्ही वेळा सारख्याच वाजवतात.

"मी जन्मभर गाड्या दोन चाकांवर नीट चालाव्यात म्हणून हात काळे केले," मिस्त्री म्हणायचा, "आणि हा बेटा त्यातलं एक चाक फुकट घालवतो. मी नाही येणार ते बघायला. माझ्या तेराव्यालासुद्धा नका ठेवू तो खेळ."

आणि खरंच, इतक्या वर्षांत त्याने मेहुण्याचा एकही खेळ पाहिला नव्हता. याचा त्याला अभिमान होता. बिडी सोडलेल्या माणसाला असतो, तसा.

मागच्या खेळात मेहुण्याचं मागचं चाक घसरलं. कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलून निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाकाला तेल लागलं होतं, इंजिनातून गळालेलं. तो बँडेज बांधलेला हात मिरवत वर्कशॉपमध्ये आला.

"दाजी, तेवढी गळती बघा. रविवारी मोठ्या मैदानावर खेळ आहे. लोकांच्या अगदी कठड्याजवळून उभी न्यायची आहे."

"लोकांना छत्र्या आणायला सांग."

"दाजी, थट्टा नको. या वेळी घसरली तर मान जाईल."

"कोणाची? तुझी? मग नुकसान थोडकंच आहे."

तोंड हे असं चाललं होतं, पण हात कामाला लागले होते. मिस्त्रीने इंजिन रॉकेलने आणि ब्रशने असं धुतलं की त्याला गार ठेवणाऱ्या पात्यांची धातूची चमक वर आली. पुसून कोरडं केलं. मग मागच्या घरात जाऊन बायकोचा पावडरचा डबा आणला आणि नव्या बाळाला लावावी तशी साऱ्या इंजिनाला पावडर लावली. त्याची रीत हीच. तेल जिथे ठिबकतं तिथे ते सुटलेलं नसतं. ते वरून निघतं, वाऱ्याने मागे पळतं आणि तिसऱ्याच जागी जाऊन टपकतं. पावडर मात्र खोटं बोलत नाही. जिथे तेल पहिल्यांदा बाहेर डोकावतं तिथे ती काळी पडते.

पडून पडून चेमटलेल्या बाजूच्या झाकणाखाली पावडर जराशी ओली झाली. मिस्त्रीने झाकण उघडलं, काठ सपाट घासला, नवीन पॅकिंग घातलं. गिअरच्या दांड्याभोवती तेल अडवणारं रबरी सीलही बदललं. पुन्हा पावडर. इंजिन तापेपर्यंत चालवलं, रस्त्यावर फेरी मारली. इंजिन कोरडं ठणठणीत.

"घेऊन जा. आणि त्या 'वादळा'वर रंग मार. वाऱ्याची झुळूक लिही, तेही जास्त होईल."

दुसऱ्या दिवशी सरावाहून मेहुणा परत आला. मागचं टायर पुन्हा तेलकट. गाडी मात्र लखलखीत, धुऊन पुसून आणलेली.

"पावडर कुठे गेली?" मिस्त्रीने विचारलं.

"धुतली की. तुमच्याकडे यायचं, तर गाडी अशी पिठात लोळल्यासारखी आणू?"

मिस्त्रीने हातातला ब्रश खाली ठेवला. मग तिथेच जमिनीवर बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा. चोर पकडायला पोलीस बोलावले आणि यांनी आधी पायाचे ठसे पुसून घेतले."

त्याने सगळं पुन्हा केलं. या वेळी गाडीचं तोंड साखळीने आढ्याला टांगलं, पुढचं चाक डोक्याच्या उंचीवर, आणि इंजिन चालू ठेवलं. पत्र्याच्या भोकातून ऊन खाली येत होतं, आणि त्या उन्हात पांढरी पावडर लावलेलं ते इंजिन थरथरत होतं. थेंब नाही. कुठेच नाही. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा घाम पाहिला.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. भावाच्या मानेवरची थट्टा ऐकल्यापासून नवऱ्याशी ती दोन दिवस बोलली नव्हती. हात पदराला पुसत म्हणाली, "तो सगळीकडे सांगत फिरतोय, गाडी माझ्या दाजींनी बघितलीय, आता भीती नाही. तुमच्या भरवशावर तो मान पुढे करतोय. आणि तुम्हाला एकदा मैदानावर जाऊन बघायला लाज वाटते."

"लाज नाही वाटत. किळस येते."

"मग नाक धरून जा."

रविवारी सकाळी मिस्त्री गेला. एका कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत मेहुणा सराव करत होता. दाजींना बघून त्याने गॉगल डोक्यावर चढवला. त्याचे दोन सोबती हसू दाबत बाजूला झाले.

"दाजी! तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?"

"बडबड बंद. कर तुझे माकडचाळे."

मिस्त्री सिमेंटवर पोटावर आडवा झाला, गाल जमिनीला लावून. मेहुण्याने गाडी पळवली, क्लच सोडला, आणि पुढचं चाक उठलं. उठलं आणि उठतच गेलं. अर्ध्यावर थांबेना. गाडी पार सरळ उभी राहिली, शेपटाकडची लोखंडी पट्टी जमिनीवर घासून ठिणग्या उडाल्या, आणि मेहुणा त्या उभ्या खांबावर बसल्यासारखा हळूहळू वर्तुळ घेऊ लागला.

"थांब! अरे थांब, गाढवा!" मिस्त्री धडपडत उठला. "एवढी सरळ? एवढी सरळ उभी करतोस?"

"मग? आम्ही त्याला बारा म्हणतो. घड्याळाच्या काट्यासारखी."

"तुझे कधीच वाजलेत." मिस्त्रीने हवेत हात धरून त्या उभ्या गाडीची उंची मोजली. वर्कशॉपमध्ये त्याने गाडी टांगली होती ती अर्धवट, त्याच्या मनातल्या खेळात ती जेवढी उठायची तेवढीच. खेळ कधी पाहिलाच नव्हता, तर कळणार कसं?

त्याने सीटखाली बोट घातलं. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायला मागच्या बाजूला एक नळी असते, ती एअर फिल्टरच्या डब्यात जाते. गाडी सरळ उभी झाली की सगळं तेल मागे सरकून त्या नळीचं तोंड बुडवत होतं. वाफेऐवजी तेलच डब्यात चढत होतं आणि डब्याच्या तळाच्या भोकातून थेट टायरवर ठिबकत होतं. इंजिन बाहेरून कोरडं, म्हणून पावडर कोरडी. बोट काळं होऊन आलं. मिस्त्रीने ते मेहुण्याच्या पांढऱ्या जॅकेटला पुसलं.

तिथेच त्याने ती नळी डब्यातून काढली, डब्याचं भोक बुजवलं, आणि लांब नळी जोडून टाकीखालून पुढे हेडलाइटच्या मागे नेली. उभी राहिली की गाडीचं तेच टोक सगळ्यात वर असतं. नळीच्या टोकाला औषधाची रिकामी बाटली तारेने बांधली, चुकून तेल चढलंच तर त्यात साठावं म्हणून. टायर साबणाने घासलं. पुन्हा पावडर, पुन्हा गाडी सरळ उभी, पुन्हा मिस्त्री आडवा. टायर कोरडं, बाटली कोरडी.

"झालं, दाजी?"

"गाडीचं झालं. तुझ्यावर इलाज नाही."

संध्याकाळी मोठं मैदान गच्च भरलं. कठड्याजवळून 'वादळ' सरळ उभं राहून गेलं, चाक घसरलं नाही, आणि लोक थोडे हिरमुसले तरी वेड्यासारखे ओरडले. मेहुण्याने एक हात सोडून त्यांच्याकडे बोट केलं. त्याची बहीण पहिल्या रांगेत तोंडावर पदर धरून रडत होती.

तेव्हापासून मिस्त्री प्रत्येक खेळाला जातो. कठड्याशी पोटावर आडवा होतो, गाल जमिनीला. लोकांना वाटतं, हाही खेळाचाच भाग. गाडी उभी राहिली की तो चाक आणि जमीन यांच्यामधली जागा बघतो. तेवढीच. मेहुणा वर काय करतो, सीटवर उभा राहतो की दोन्ही हात सोडतो, हे त्याने आजवर एकदाही मान वर करून पाहिलेलं नाही. टाळ्या सुरू झाल्या की उठतो, कपडे झटकतो आणि पुटपुटतो, "कोरडं आहे. बाकी सगळा तमाशा."