आपल्या बाजूचं सांगा

सबनीस काकांची आणि माझी ओळख त्यांची टपालपेटी मोडून झाली. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतला माझा पहिलाच हिवाळा होता. नागपूरच्या उन्हात गाडी शिकलेल्या माणसाला बर्फावर करकचून ब्रेक दाबू नये हे कोण सांगणार? गाडी घसरत गेली आणि वळणावरच्या घरासमोरची टपालपेटी खांबासकट आडवी झाली. दारावर देवनागरीत ‘सबनीस’ अशी पाटी होती. कानटोपी घातलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ बाहेर आले आणि मी सरळ मराठीत सुरू झाले. बर्फ किती होता, टाउनची बर्फ काढणारी गाडी कशी आलीच नव्हती, आणि मुळात ती पेटी रस्त्याच्या किती जवळ होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बर्फाचं बर्फ सांगेल,” ते म्हणाले. “टाउनचं टाउन सांगेल. तुम्ही तुमच्या बाजूचं सांगा.”

मी गडबडले. मग म्हटलं, की वळणावर जरा जोरात होते, आणि टायर जुने आहेत हे गॅरेजवाल्याने सांगूनही बदलले नव्हते. काकांनी मान डोलावली. “आता माझ्या बाजूचं. खांब मागच्या हिवाळ्यापासून रस्त्याकडे कललेला होता. उद्या सरळ करू, उद्या करू म्हणत राहिलो. या आत, चहा घ्या.” चहा घेताना ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं हे खरंच, पण कधी कधी अंगणही थोडं वाकडं असतं. फक्त ते अंगणाने सांगायचं असतं, नाचणाऱ्याने नाही. हा माणूस विक्षिप्त आहे असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते मत मी कधी बदललं नाही, फक्त पुढे ते कौतुकाने सांगू लागले.

काका मूळचे अंबरनाथचे, केमिकल इंजिनियर. तरुणपणी आखातात गेले. आधी नोकरी इराणमध्ये, अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात. तिथे क्रांती झाली, परदेशी माणसांची नोकरी गेली, तेव्हा काका नदी ओलांडून पलीकडच्या इराकमध्ये, बसऱ्याला लागले. त्यांच्या सांगण्यानुसार दोन्ही काठांवरच्या खजुराची चव एकच होती आणि दोन्हीकडचे लोक ती वेगळी आहे असं शपथेवर सांगत. मग त्या दोन शेजाऱ्यांचं युद्ध पेटलं. काका एका ट्रकमधून कुवेतला पोचले, तिथून घरी, आणि पुढे काही वर्षांनी अमेरिकेत, टेक्सासला. तिथे एका तेलकंपनीत ते अपघातांची चौकशी करत. काकू गेल्यावर बॉस्टनमधल्या लेकीच्या, माधवीच्या, जवळ राहावं म्हणून ते आमच्या गावात आले.

‘आपल्या बाजूचं सांगा’ हे त्यांनी त्या चौकशांच्या खोलीतूनच आणलेलं होतं. स्फोट झाला, माणसं भाजली, की सगळ्या खात्यांचे लोक टेबलाभोवती बसत. कारखाना चालवणारे म्हणत दुरुस्तीवाल्यांनी केलं, दुरुस्तीवाले म्हणत खरेदीवाल्यांनी हलका माल आणला. आठवडेच्या आठवडे जात आणि हाती काही लागत नसे. मग काकांनी नियम केला, की या खोलीत दुसऱ्या खात्याचं नाव घ्यायचं नाही. ज्याला घ्यायचं असेल त्याने बाहेर जाऊन घ्यावं. “आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आपली जुनी सवय,” ते म्हणत. “मी म्हटलं, वाकायचंच आहे तर आपलंच वाकून बघा. आता माझ्याने वाकवत नाही, ती गोष्ट वेगळी.”

याचा अर्थ सगळे सारखेच दोषी, असा मात्र ते कधी लावू देत नसत. एकदा मी उगाच शहाणपणाने म्हटलं, की टाळी एका हाताने वाजत नाही. काका चक्क चिडले. म्हणाले, टाळी नाही वाजत, पण थप्पड एकाच हाताने वाजते. कोणाच्या पदरात किती, ते शेवटी मोजायचं असतंच. पण दुसऱ्याने आपल्या ताटात वाढलेली चूक कोणी खात नाही, स्वतः वाढून घेतलेलीच खातो. हे ऐकून मी घरी गेले आणि नवऱ्याशी चार दिवस चाललेलं भांडण मिटवलं. खरं तर मलाच मिटवावं लागलं, कारण माझ्या बाजूचं बरंच निघालं.

दर शनिवारी सकाळी काकांच्या स्वयंपाकघरात कॅरम चाले. खेळायला येत युसुफ आणि बेहरूझ. युसुफ बसऱ्याचा, इथे औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. बेहरूझ अबादानच्या शेजारच्या खोर्रमशहरचा, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला. म्हणजे एक नदीच्या या काठचा, दुसरा त्या काठचा, आणि दोन्ही काठांवर पगार घेतलेले काका मध्ये. दोघांचेही भाऊ त्या युद्धात गेले होते. काकांचा आल्याचा दुधाळ चहा दोघांनाही सूप वाटे, म्हणून काका त्यांच्यासाठी काचेच्या लहान पेल्यात कोरा चहा ठेवत. राणी कोणी घालवली यावरून खूप वाद होत, पण युद्धावर कोणी बोलत नसे. मी एकदा काकांना विचारलं, की यांनाही तुमचा नियम लावता का? ते म्हणाले, अजून नाही. दोघं आपण होऊन एका टेबलाशी बसतात, एवढं सध्या पुष्कळ आहे.

ते टेबल आमच्या मराठी मंडळाने मोडलं. आखातातल्या बातम्या पुन्हा तापल्या होत्या, रोज टीव्हीवर क्षेपणास्त्रं दिसत होती, आणि मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर यांना वाटलं की आपणही काही वैचारिक करावं. काकांच्या ओळखीची दोन माणसं आहेत, प्रत्यक्ष तिथले आहेत, तर परिसंवाद ठेवू. विषय, ‘त्या युद्धाला जबाबदार कोण?’ काकांनी दोघांना विचारलं आणि काकांखातर दोघं हो म्हणाले. मग कार्यकारिणीत कोणीतरी म्हणालं, की परिसंवादाला लोक येत नाहीत, वादविवाद स्पर्धेला येतात. झालं. वेळ सांगायला घंटा आली, गुण द्यायला तीन परीक्षक आले, आणि मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेतून उरलेला एक करंडकही आला. हे फक्त आपल्यालाच सुचू शकतं. आपल्या लहानपणी पेट्रोलपासून परमेश्वरापर्यंत सगळ्यावर आपण अशाच स्पर्धा केलेल्या असतात.

शाळेच्या हॉलमध्ये गर्दी झाली. बेहरूझ गणिताचा माणूस, त्याने इंग्रजीत पायरीपायरीने मांडलं. सीमा कोणी ओलांडली, रणगाडे कोणाचे होते, कोणाचं शहर आधी पडलं. युसुफ म्हणाला, की सीमेवरचे तोफगोळे त्याआधीच सुरू होते, आणि तिकडून रेडिओवर आम्हाला उठाव करायला सांगत होते. बेहरूझला चेव चढला. “सुरुवात तुम्ही केलीत,” तो म्हणाला. “पुढचं सगळं फक्त गणित आहे.” युसुफचा आवाज बदलला. तो म्हणाला, माझा भाऊ युद्धाच्या शेवटी शेवटी तोफगोळा पडून गेला, आमच्याच गल्लीत, आमच्याच दाराशी, तोही तुझ्या गणितातच का? आणि घंटा वाजली. त्याची वेळ संपली होती. लोकांनी चांगला मुद्दा म्हणून टाळ्या वाजवल्या. करंडक बेहरूझला मिळाला, आणि नको कसं म्हणायचं हे न समजल्यामुळे त्याने तो घेतला. युसुफ तोवर हॉलमध्ये नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी कोणीच आलं नाही. जोगळेकरांचं काय चुकलं यावर मी तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला. “घंटा वाजली तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो,” ते म्हणाले. “उठून थांबवायला हवं होतं. मी बसून राहिलो.” त्या उन्हाळ्यात त्यांची फुप्फुसं थकली. नाकात ऑक्सिजनची नळी आली, माधवी आठवड्यातून दोनदा बॉस्टनहून येऊ लागली. औषधांबद्दल काका काही विचारत नसत. ते दोघं पुन्हा एका टेबलाशी बसलेले बघायचे आहेत, एवढंच मला परत परत सांगत. मला त्यांची फार दया येई आणि थोडा रागही येई. स्वतःचा श्वास पुरत नव्हता आणि हे इराण-इराकचं घेऊन बसले होते.

शेवटी त्यांनी दोघांना बोलावलं, एकाला दुसऱ्याचं न सांगता. चहा करायला मी होते. बेहरूझ येताना करंडक घेऊन आला आणि त्याने तो गुपचूप टेबलाखाली ठेवला. काकांनी नियम सांगितला आणि स्वतःपासून सुरुवात केली. बोलताना मध्ये मध्ये थांबत होते.

“मी दोन्ही काठांवर राहिलो. या काठावर त्या काठाची टिंगल चाले, त्या काठावर या काठाची. मी दोन्हीकडे हसलो. पाहुणा होतो, हसणं सोपं होतं. युद्ध लागलं, तेल महागलं, टेक्सासच्या कंपन्या वाढल्या आणि मला नोकरी मिळाली. ज्या आगीत तुमची घरं गेली तिच्या उबेवर माझं घर उभं राहिलं. आता मी इथला नागरिक आहे. या देशाने त्या युद्धात काय काय विकलं, तेही माझ्या बाजूलाच लिहा.”

मग युसुफ म्हणाला, की मोजायला याने सुरुवात केली, आता यानेच पूर्ण करावं. काका म्हणाले, ते नाही, तुझ्या बाजूचं. “माझ्या बाजूला एक कबर आहे,” युसुफ म्हणाला. “तिच्याबद्दल काय सांगू?” तो उठून गेला. थोड्या वेळाने बेहरूझही गेला, करंडक घेऊन. चहाचे भरलेले पेले मी सिंकमध्ये ओतले. काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, की चौकशी कधी पहिल्या बैठकीत संपत नसते. पण दुसऱ्या बैठकीला आपण असू असं त्यांना वाटत नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

काका नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी गेले. फ्युनरल होममध्ये मंडळाची झाडून सारी मंडळी आली होती. इथल्या पद्धतीप्रमाणे एकेकाने उठून दोन शब्द बोलायचे होते. जोगळेकर काकांच्या मंडळावरच्या प्रेमाबद्दल बोलले. मी टपालपेटीची गोष्ट सांगितली, लोक हसले आणि मी रडले. मग मागच्या रांगेतून युसुफ उठला. तो पुढे आला नाही, जागेवरूनच बोलला.

“सबनीसने मला एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर न देता निघून गेलो. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. आमच्या तोफा नदीपलीकडे पहिल्यांदा डागल्या गेल्या, तेव्हा मी आणि माझा भाऊ गच्चीवर चढलो आणि टाळ्या वाजवल्या. पलीकडे धूर दिसत होता. आम्ही खूप टाळ्या वाजवल्या.”

तो खाली बसला. बेहरूझ माझ्या पुढच्याच रांगेत होता. तो उभा राहिला तेव्हा त्याने खुर्चीची पाठ धरली होती.

“दोन वर्षांनी आम्ही आमचं शहर परत मिळवलं,” तो म्हणाला. “तेव्हा थांबता आलं असतं. पुढे चला, नदी ओलांडा, असं रस्त्यावर ओरडणाऱ्या गर्दीत मी होतो. माझ्या धाकट्या भावाला मीच खांद्यावर हात टाकून त्या गर्दीत नेलं होतं. तो नदी ओलांडून गेला. परत आला नाही.”

दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या बाजूचं नाव घेतलं नाही. युद्धाला जबाबदार कोण, याचं उत्तर त्या खोलीत मिळालं असं मी म्हणणार नाही. थप्पड कोणी मारली ते इतिहासात नोंदलेलं आहे आणि ते पुसलं जाऊ नये. पण हॉलमधल्या त्या स्पर्धेत जे ऐकायला मिळालं नव्हतं ते इथे मिळालं, आणि ज्यांना ते ऐकायचं होतं ते काका पुढे फुलांमध्ये डोळे मिटून पडले होते. मला ते फार लागलं, अजूनही लागतं.

जानेवारीत मोठं हिमवादळ झालं. टाउनच्या गाडीने काकांची टपालपेटी पुन्हा आडवी केली. माधवीला घर विकायचं होतं आणि पेटीशिवाय घर बरं दिसत नाही, म्हणून तिने मला फोन केला. दुरुस्तीला कोणाला तरी बोलवावं म्हणून मी आधी बघायला गेले, तर युसुफ आणि बेहरूझ आधीच तिथे होते. एकाने खांब धरला होता, दुसरा कुदळीने गोठलेली माती फोडत होता. काकांचा कॅरम बोर्ड युसुफच्या गाडीत मागच्या सीटवर दिसत होता, माधवीने त्यांना देऊन टाकला होता. युसुफ म्हणाला, “माझ्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे शनिवारी बसू,” आणि बेहरूझ म्हणाला, “चहा माझ्याकडे.”

तासाभराने मी कोरा चहा घेऊन गेले. खांब उभा राहिला होता, पण चांगलाच रस्त्याकडे कलला होता. माती टणक होती, थंडी होती, वारा होता, सांगायला पुष्कळ कारणं होती. मी विचारलं, हा वाकडा कोणी लावला?

दोघांनीही एकदम स्वतःकडे बोट दाखवलं.